पाच मूव्ह, दोन तास, एक सर्टिफिकेट

आज सकाळी आमच्या सोसायटीत बायकांसाठी 'सेल्फ डिफेन्स वर्कशॉप' झालं. नवरात्र आठवड्यावर आली ना, म्हणून. माणशी चारशे रुपये. त्यात चहा, फाफडा, सर्टिफिकेट आणि किल्ल्यांना अडकवायचा पेपर स्प्रे, गुलाबी रंगाचा. पुरुषांसाठी असली वर्कशॉपं होत नाहीत. 'हात लावू नये' हे शिकवायचे चारशे रुपये कोण देणार? असो, तो मुद्दा वेगळा. (वेगळा नाहीये खरं तर.)

सर काळ्या ट्रॅकसूटमधले, कमरेला काळा पट्टा, त्यावर सोनेरी रेघा. दोन तासांत पाच मूव्ह शिकवल्या. मनगट सोडवणं, कोपर, गुडघा, डोळ्यांत बोटं, आणि पाचवी मी घरी येऊन चहाचं आधण ठेवेपर्यंत विसरले. चाळीस बायका एका सुरात 'हा! हा!' करत होत्या. मजा आली, खोटं कशाला बोलू. आमच्या भिशीतल्या एकीने गुडघा इतका जोरात उचलला की कमरेत उसण भरली.

शेवटी म्हणाले, काही विचारायचंय का. वरच्या मजल्यावरची मुलगी, नववीत आहे, उभी राहिली. हळूच म्हणाली, "सर, पण तो ओळखीचा असला तर?"

सर हसले. "मूव्ह तो ए ज ने, बेटा!" म्हणजे, मूव्ह तर तीच ना.

सगळ्या हसल्या. मीसुद्धा. आणि तेव्हापासून जे डोकं तापलंय ते दुपारच्या झोपेनेही उतरलं नाही, म्हणून लिहायला बसलेय. लांबणार आहे. कंटाळा आला तर लाइक करून पुढे जा, नेहमीसारखं.

तुमच्यातल्या निम्म्यांना माहीत नसेल, मी पाच वर्षं काठी फिरवली आहे. आमच्या वाड्यामागे तालीम होती. मुलींची वेळ चार ते पाच, मुलं यायच्या आत. काठी, बनेठी, जंबिया, लेझीम, दोरीचा मल्लखांब. शिकवणाऱ्यांना सगळे दादाच म्हणायचे. साठीचे होते, कानाची पाळी कुस्तीने चुरगळलेली, आवाज मात्र कीर्तनकाराचा. बडोद्यात तेव्हा यात काही विशेष नव्हतं. दांडिया बाजारात जुम्मादादा व्यायाम मंदिर १८८० पासूनचं, तिथल्या प्रोफेसर माणिकरावांचं नाव घरोघरी. पुढे गुजरातभर आखाडे काढणारे पुराणी बंधूही त्यांच्याच हाताखालचे. आमच्या आजोबांच्या कपाटात मुजुमदारांच्या व्यायाम ज्ञानकोशाचे खंड होते, दहापैकी सहा, बाकीचे कोणी नेले ते नेलेच. जेवण होईपर्यंत मी त्यातली चित्रं बघत बसायचे.

तर १९८८ ची नवरात्र. मी सोळा वर्षांची. गरबा संपवून वाड्यात परतले, बरोबरच्या पोरी चौकातच वळल्या होत्या. जिन्यात दिवा नव्हता. वरून कोणीतरी उतरत होतं. मी बाजूला झाले, तर तोही त्याच बाजूला झाला. आणि त्याने हात धरला.

माझ्या दुसऱ्या हातात दोन्ही दांडिया होत्या. तोवर तीन वर्षांचा सराव. तमाचा, बाहेरा, शीर, काठीचे सगळे वार झोपेतसुद्धा करायचे मी. आणि मी काय केलं? काही नाही. एक वारही नाही.

हे आज त्या सरांना सांगायचं होतं. पण तिथे फाफडा चालला होता.

सर म्हणत होते, "कराटे असो, क्राव मागा असो, सगळ्या स्टाइल सेमच." अहो, सेम कशा? माझ्या मते (मी काही विद्वान नाही, पाच वर्षं काठी आणि तीस वर्षं संसार एवढाच अभ्यास) प्रत्येक कलेचं स्वतःचं एक अंतर असतं. समोरचा माणूस आपल्यापासून किती लांब उभा आहे, यावर सगळी विद्या. आमच्या काठीचं अंतर काठीभर. दादा पहिले दोन महिने नुसतं पुढे-मागे चालायला लावायचे, समोरच्याची काठी नाकापासून चार बोटांवरून जाईल असं. पोरं कंटाळून पळून जायची.

कुस्तीत ते अंतर मोडायचंच असतं. सलामी झाली, खडाखडी झाली, की मग घाम, माती आणि दुसऱ्याचा श्वास. ढाक असो की धोबीपछाड, अंगाला अंग भिडल्याशिवाय डाव नाही. ज्युदो या दोन्हींच्या मधला. तिथे जाकिटाची बाही आणि गळपट्टी हातात लागते. ज्युदोचे जनक जिगोरो कानो, त्यांनी १८८२ मध्ये टोकियोत कोदोकान ही ज्युदोची शाळा काढली तेव्हा मुख्य गोष्ट ही धरली की माणूस आपटायच्या आधी त्याचा तोल मोडायचा. तो ढकलतोय तर ओढा, ओढतोय तर त्याच्याबरोबर जा. 'जू' म्हणजे मऊ. आणि या सगळ्याच्या आधी पडायला शिकायचं. तायक्वांदोचं अंतर पायाच्या लांबीचं. माझा भाचा करतो, त्याला पंख्याच्या बटणापर्यंत लाथ नेता येते, अभ्यासाच्या टेबलापर्यंत पाय काही नेता येत नाही.

आणि कराटे! गिचिन फुनाकोशी जपानच्या ओकिनावा बेटावरचे. १९२२ मध्ये टोकियोला जाऊन त्यांनी हे लोकांना करून दाखवलं. त्यांच्या वीस सूत्रांतलं एक आहे, कराटेत पहिला वार आपला नसतो. आज आमच्या सरांनी दहाव्या मिनिटाला डोळ्यांत बोटं घालायला लावली. कळतंय, परिस्थिती तशी असते. पण मग त्याला कराटे म्हणू नका, आणि पट्टा घरी ठेवून या.

जपानी लोकांनी या अंतराला शब्दच दिलाय, 'मा-आई'. मा म्हणजे मधली जागा. आपल्या आईशी काही संबंध नाही, पण 'अंतर ठेवून वाग गं' हे वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदा तिच्याकडूनच ऐकलं.

आता व्हॉट्सअॅपवरचे काका येतील, की हे सगळं आपल्याकडूनच तिकडे गेलं, बोधिधर्माने नेलं. काका, ती दंतकथा आहे, मला पुन्हा पाठवू नका. आपल्याकडचं खरं काय होतं तेही ऐकून घ्या. याच बडोद्यात ज्येष्ठीमल्ल जातीचे पैलवान वज्रमुष्टी खेळायचे, मुठीला शिंगाची हत्यारं बांधून, दरबारासमोर, रक्त निघेपर्यंत. लुई रूसले नावाच्या फ्रेंच प्रवाशाने खंडेराव महाराजांच्या वेळी पाहिलं आणि लिहून ठेवलं. परंपरा म्हणजे सगळी चंदनाची उटी नसते.

आणि आमची तालीम तरी? मुलींना कुस्तीच्या हौद्यात पाय ठेवायला मनाई. हळद-ताक घातलेली ती लाल माती मी पाच वर्षं कठड्यावरून बघितली. एकदा लेझीम उचलताना पाय चुकून आत पडला तर दोन मुलं अशी ओरडली की जणू देव बाटला. दादांनी त्यांना गप्प केलं, पण मला 'ये आत' म्हटलं नाही. म्हणजे ज्या अंतरावर बाईला खरा धोका असतो, अंगाला अंग लागण्याचं, तेवढंच सोडून बाकी सगळं आम्हाला शिकवलं. हे लिहिताना आज पहिल्यांदा लक्षात आलं आणि हात थांबला दोन मिनिटं.

इथेच असं होतं असंही नाही. जपानच्या केइको फुकुदा कानोंच्या हाताखाली ज्युदो शिकल्या, त्यांच्या आजोबांनी कानोंना जुजुत्सू, म्हणजे ज्युदोच्या आधीची जपानी कुस्ती, शिकवलेली. बाई म्हणून त्यांना पाचव्या दानवर (दान म्हणजे काळ्या पट्ट्यातली पायरी) कित्येक वर्षं बसवून ठेवलं. कोदोकानने नववं दान दिलं ते २००६ मध्ये, त्या नव्वदी ओलांडल्यावर. ऑलिंपिकमध्ये पुरुषांचा ज्युदो १९६४ ला, बायकांना पदकं मिळायला लागली ती १९९२ पासून. मोजा तुम्हीच.

पुन्हा जिन्यात येते.

वार केला नाही म्हणाले मी. पण काहीच केलं नाही हे तितकंसं खरं नाही. माझा मागचा पाय आपोआप एक पायरी खाली गेला. अंग आडवं झालं, डावा खांदा पुढे. पवित्रा. मी घेतला नाही, तो घेतला गेला. अंधारात त्याला काय दिसलं देव जाणे, पण हात सुटला. मग तो हसला. "अगं, गंमत केली. घाबरलीस?" आणि शीळ घालत उतरून गेला.

शीळ ओळखीची होती. त्याची आमच्याकडे रोज सकाळी चहाला ये-जा होती. दुसऱ्या दिवशी सकाळीही आला. मीच कप नेऊन दिला.

म्हणून म्हणते, "मूव्ह तो ए ज ने" म्हणणाऱ्याला काहीही कळलेलं नाही. ओळखीचा माणूस काठीभर अंतरावर थांबतच नाही. तो आधीच आत असतो. त्याला आपणच पाट मांडून आत घेतलेलं असतं. काका, दादा, मामा म्हणत. त्याच्या डोळ्यांत बोटं घालणार आहे ती नववीतली मुलगी? आणि मग संध्याकाळी त्यालाच वाढणार?

बरं, मान्य, काही बायका आज आयुष्यात पहिल्यांदा मोठ्याने ओरडल्या, त्याची किंमत चारशे रुपयांहून जास्त आहे. झालं मान्य करून.

लोक या कला का शिकतात याचं उत्तर 'संरक्षण' असं सगळे देतात, कारण ते द्यायला सोपं. आमच्या घरात बघा. यजमान कमाटीबागेत सकाळी ताई-ची करतात, गुडघ्यासाठी. भाऊ कॉलेजात ज्युदोला गेला कारण तिथे एक मुलगी जायची. मुलगी सोडून गेली, ज्युदो राहिला. भाच्याला सर्टिफिकेट हवंय. आणि मी का जायचे? कारण चार ते पाच या वेळेत मला कोणी कणीक मळायला बोलवायचं नाही. एवढंच. बाकीचं नंतर कळलं. केरळातल्या मीनाक्षी अम्मा, २०१७ मध्ये पद्मश्री मिळालेल्या, सत्तरीतही तलवार घेऊन कळरीत, म्हणजे तिकडच्या तालमीत, उतरत. त्यांच्या कळरीपयट्टू या युद्धकलेत आधी शरीर, मग लाकडी हत्यारं, मग लोखंडी, आणि रिकाम्या हाताने लढणं अगदी शेवटी. म्हणजे वर्षानुवर्षांनी. आणि आम्ही रिकाम्या हातानेच सुरुवात करतो, दोन तासांत.

जिन्यातली गोष्ट मी घरी सांगितली नाही. दिवाळीनंतर दादांना सांगितली, कारण सरावात चुकायला लागले होते आणि ते सारखे विचारत होते. त्यांनी ऐकून घेतलं. तो कोण, ते विचारलं नाही. फक्त विचारलं, "केवढ्या अंतरावर आल्यावर तुला कळलं?"

मी म्हटलं, हात धरल्यावर.

"मग उशीर झाला होता गं."

या एका वाक्याचा मला वीस वर्षं राग होता. लिहिताना पुन्हा येतोय. उशीर *मला* झाला होता? त्या माणसाला चार कानाखाली द्यायच्या सोडून माझं अंतर मोजताय? तेव्हाचे लोक असेच, म्हणून आपण सोडून देतो. मी सोडलेलं नाही.

पण दुसऱ्या दिवशी त्यांनी काय केलं तेही सांगायला हवं. माझी काठी काढून घेतली. स्वतः मैदानाच्या त्या टोकाला, पिंपळाखाली जाऊन उभे राहिले आणि माझ्याकडे चालत यायला लागले. म्हणाले, "जिथे नको वाटेल तिथे मला थांबव."

दादांना थांबव? ज्यांच्यासमोर आम्ही मान वर करत नव्हतो? पहिल्यांदा ते पार माझ्या अंगाजवळ येऊन उभे राहिले, माझ्या तोंडातून शब्द फुटला नाही. ते परत गेले. पुन्हा आले. मी पुटपुटले, "थांबा ना." ते थांबले नाहीत. पुन्हा गेले. किती वेळा ते मोजलं नाही, मुलांची वेळ झाली, मुलं येऊन कठड्यावर बसली, दादांनी त्यांनाही बसवून ठेवलं. शेवटी केव्हातरी मी ओरडले, "दादा, तिथेच थांबा!" आणि ते साठीचे, चुरगळलेल्या कानाचे गृहस्थ मैदानाच्या मधोमध गपकन थांबले. पाय अर्धा उचललेला. तो खाली टेकवायला पण त्यांनी माझी परवानगी घेतली.

पुढच्या आठवड्यात तो चहाला आला तेव्हा मी कप ओट्यावर ठेवला आणि म्हणाले, तिथून घ्या. आई बघत राहिली. बाकी काही घडलं नाही. त्याचं येणं हळूहळू कमी झालं, की बदली झाली, आता आठवत नाही.

तर आज वर्कशॉप संपल्यावर त्या मुलीला खाली पार्किंगमध्ये घेऊन गेले. तिच्या प्रश्नाचं कारण विचारलं नाही. (दादांनी का विचारलं नसेल, ते तिथे उभं राहिल्यावर थोडं कळलं. थोडंच.) सांगितलं एवढंच, की नुसतं ऐकायचं असेल तर मी कधीही घरी असते. मग मी स्कूटरच्या रांगेच्या टोकाला गेले आणि तिच्याकडे चालत आले. ती खी-खी हसत होती. "काय हो मावशी!" पुन्हा गेले, पुन्हा आले. वॉचमन बघायला लागला. सहाव्या-सातव्या वेळी हसणं बंद झालं. मग ती म्हणाली, "मावशी, थांबा." मी थांबले नाही. तिने माझ्याकडे जरा रागाने बघितलं.

पुढच्या वेळी 'मावशी' गळलं. नुसतं "थांब." मला, एकेरीत.

जागच्या जागी थांबले. कंबर धरली होती, पण थांबले.

उद्या साडेपाचला पुन्हा बोलावलंय. मघाशी तिच्या आईचा फोन आला होता, फी किती विचारत होत्या, आणि सर्टिफिकेट मिळतं का.