व्हायोलिनचे सर शोधताय? आधी त्यांना तार जुळवताना बघा

शाळा सुरू झाल्या की नांदेड, लातूर, परभणीच्या ग्रुपवर एक प्रश्न हमखास येतो: "लेकराला व्हायोलिन शिकायचंय, चांगला क्लास कुठंय?" खाली लगेच पाच-सहा नंबर पडतात. त्यातले बरेचसे कीबोर्ड-गिटारच्या क्लासचे असतात आणि बोर्डावर शेवटी "व्हायोलिन" असंही लिहिलेलं असतं. माझं मत स्पष्ट सांगतो. जो स्वतः व्हायोलिन वाजवत नाही त्याच्याकडं आठवड्यातून तीनदा जाण्यापेक्षा खऱ्या व्हायोलिनवादकाकडं पंधरा दिवसांतून एकदा लांब जावं लागलं तरी जावं, आणि मधल्या दिवसांत गावातल्या गाण्याच्या सरांकडं गळ्यानं शिकावं. आपल्याकडं गाणं, पेटी, तबला, पखवाज शिकवणारी माणसं तालुक्या-तालुक्यात आहेत. व्हायोलिनची मोजकीच आहेत. त्यामुळं हीच सांगड मराठवाड्यात जमण्यासारखी आहे.

इतका आग्रह का, ते सांगतो. पेटीची पट्टी दाबली की सूर तयारच असतो. गिटारला पडदे असतात. व्हायोलिनला काहीच नाही. मोठ्या मापाच्या व्हायोलिनवर तारेचा वाजणारा भाग साधारण ३२.५ ते ३३ सेंटिमीटर असतो. मोकळ्या तारेला सा धरलं तर कोमल रे तिथून जेमतेम १८ मिलिमीटरवर आणि शुद्ध रे ३६ मिलिमीटरवर येतो. म्हणजे बोट चार मिलिमीटर इकडंतिकडं झालं की सूर अर्ध्या स्वराच्या पाव हिश्श्याच्या आसपास सरकला, कणसूर झाला. वरच्या सप्तकात तर याच्या निम्मी चूकसुद्धा तेवढीच कानाला टोचते. हे दुरुस्त करायला शिकवणाऱ्याचा कान तयार लागतो, शिवाय त्याचं स्वतःचं बोट तिथं रोज पडलेलं लागतं. नोटेशन वहीत लिहून देणारे बरेच भेटतील, पण "तिसरं बोट किंचित मागं घे" हे त्या क्षणी सांगणारा माणूस पाहिजे.

शोधायच्या आधी घरात एक गोष्ट ठरवा: बैठकीचं शिकायचं की पाश्चात्त्य? हिंदुस्थानी पद्धतीत मांडी घालून बसतात, व्हायोलिनचं डोकं उजव्या पायाच्या घोट्याजवळ टेकवतात आणि दुसरं टोक छाती-खांद्याजवळ राहतं. वाद्य पायावर स्थिर बसल्यामुळं डावा हात मोकळा होतो आणि मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरत जाणं) घेता येते. कर्नाटक पद्धतीतही बैठक अशीच. पाश्चात्त्य पद्धतीत उभं राहून किंवा खुर्चीवर बसून हनुवटी आणि खांद्यानं वाद्य धरतात, स्टाफ नोटेशन (पाच रेघांवर लिहिलेले स्वर) वाचतात. दोन्हीत डाव्या हाताची ठेवण वेगळी आहे. वर्षभर एक शिकून मग दुसरीकडं गेलं की बरंच पुसून पुन्हा लिहावं लागतं.

फोनवर पहिला प्रश्न हाच विचारा: "सर, तारा कशात जुळवता?" पाश्चात्त्य वाल्यांच्या चार तारा पेटीच्या भाषेत पांढरी ५, पांढरी २, पांढरी ६ आणि पांढरी ३ या असतात. हिंदुस्थानीत प-सा-प-सा बरेच जण लावतात, म्हणजे पांढरी १ चा सा धरला तर प, सा, प, तार सा. काही जण पाश्चात्त्य जुळणी तशीच ठेवून त्यातल्या एका तारेवर सा धरतात. यातलं कुठलंही उत्तर चालेल, फक्त ते न अडखळता आलं पाहिजे. "जे लागेल ते लावू" असं ऐकू आलं तर पुढचा नंबर बघा.

कुणाला विचारायचं? दुकानदाराला शेवटी विचारा, तबलजींना आधी. कोण कुठं साथीला बसतं, कोण अजून रियाज करतं, हे त्यांना पक्कं ठाऊक असतं. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा केंद्रावर व्हायोलिनला कोण विद्यार्थी बसवतं ते कळतं. आकाशवाणीच्या परभणी किंवा छत्रपती संभाजीनगर केंद्राशी जोडलेल्या वादकांकडं चौकशी करा. तिथं बी, बी हाय, ए, टॉप अशा श्रेणी असतात आणि ऑडिशन देऊन मिळतात, त्यामुळं वाजवण्याची खात्री असते. विद्यापीठांच्या आणि महाविद्यालयांच्या संगीत विभागांतही विचारावं. आणि जिल्ह्याच्या हद्दीत अडकू नका. धाराशिववाल्यांना सोलापूर जवळ, जालनेकरांना संभाजीनगर तासा-दीड तासावर. नांदेड, परभणीहून हैदराबादकडं रेल्वे आहेत, कर्नाटक पद्धतीचं शिकायचं असेल तर तिकडं गुरू मिळणं सोपं.

आता पहिली भेट. फी ठरवण्याआधी एक तास मागून घ्या, त्याचे पैसे द्या आणि शांत बसून बघा. सर व्हायोलिन पेटीतून काढून आधी तार जुळवतात का? खुंटी फिरवताना ती आत दाबत फिरवतात का, आणि अधूनमधून ब्रिजकडं (तारा ज्यावर टेकतात त्या उभ्या लाकडी घोडीकडं) नजर टाकतात का? खुंट्या आवळत गेलं की ब्रिजचा वरचा काठ हळूहळू फिंगरबोर्डकडं (तारा बोटानं दाबायच्या पट्टीकडं) ओढला जातो. तो वेळीच सरळ केला नाही तर एक दिवस ब्रिज खाडकन पडतो. वाजवणारा माणूस हे न बोलता करतो. मग त्यांना दोन मिनिटं वाजवायला सांगा. संकोचू नका. विलंबित आलापाचे चार स्वर पुरेत.

त्यानंतर त्यांच्या जुन्या विद्यार्थ्याला वाजवताना बघा, सर्वांत हुशार नव्हे, सहा महिने झालेल्या एखाद्याला. नजर उजव्या हातावर ठेवा. बो (तारांवर ओढायचा केसांचा गज) धरताना अंगठा किंचित वाकलेला, करंगळी वाकून काडीवर टेकलेली, मनगट सैल. बो ब्रिजला समांतर चालला पाहिजे, ब्रिज आणि फिंगरबोर्डच्या टोकाच्या साधारण मधोमध. किंचाळल्यासारखा आवाज येतो तेव्हा बहुतेक वेळा बो तिरपा गेलेला असतो किंवा वेग कमी आणि दाब जास्त असतो. नुसता फुसफुस आवाज आला तर बो फिंगरबोर्डवर सरकलाय किंवा बोच्या केसांना रोझिन (घासायची राळ) नाही. सहा महिन्यांच्या विद्यार्थ्याचा बो सरळ चालत असेल तर सरांनी पाया घातलाय असं समजा, मग त्याला गाणी दोनच येत असली तरी हरकत नाही. उलट दहा गाणी येतात आणि बोचा मधला वीतभर तुकडाच हलतो, तर तिथून निघा.

पहिले चार ते सहा आठवडे मोकळ्या तारांवर पूर्ण बो ओढायचा असतो. आधी चार मात्रांत एक बो, मग आठ, मग सोळा. पालकांना हे कंटाळवाणं वाटतं आणि "अजून गाणं नाही शिकवलं" म्हणून क्लास बदलला जातो. कृपा करून असं करू नका. फिंगरबोर्डवर स्टिकर लावण्याबद्दल वाद आहेत. माझ्या मते लहान लेकरांना दोन-तीन महिने चालतील, पण मग काढलेच पाहिजेत. वर्षभर स्टिकर राहिले की लेकरू डोळ्यानं वाजवायला शिकतं आणि कान झोपलेलाच राहतो.

इथंच गाण्याच्या सरांचं महत्त्व आहे. पं. वि. गो. जोग, पं. डी. के. दातार, डॉ. एन. राजम या व्हायोलिनवादकांचं वादन ऐका. राजम यांचं तर गायकी अंग (गळ्यानं गावं तसं वाजवणं) म्हणूनच नाव आहे. गजाननराव जोशी गायकही होते आणि व्हायोलिनवादकही. जो पलटा (सारेग, रेगम असा स्वरांचा सरावाचा नमुना) गळ्यातून येत नाही तो बोटातून सुरात येणं अवघड. म्हणून रोजच्या अभ्यासात पहिली पाच मिनिटं तंबोऱ्याच्या ॲपवर गाऊन घ्यायची, मग तेच वाजवायचं.

वाद्य सरांना दाखवल्याशिवाय विकत घेऊ नका, आणि "पुढं वाढेल" म्हणून मोठं माप तर अजिबात नको. हात सरळ लांब करून मानेपासून तळहाताच्या मध्यापर्यंत मोजा: ५८ सेंटिमीटरच्या पुढं असेल तर पूर्ण माप, ५६ च्या आसपास ३/४, ५१ ला १/२, ४६ ला १/४. मोठं वाद्य दिलं की करंगळी पोचत नाही, मग लेकरू तळहात वाद्याच्या मानेला टेकवतं आणि ती सवय जाता जात नाही. माप बदललं की स्वरांची अंतरंही बदलतात, म्हणून बदल सरांच्या देखरेखीखालीच व्हावा. ऑनलाइन मागवलेल्या व्हायोलिनचा ब्रिज बहुधा आडवा पडलेला येतो, कधी आतला साउंड पोस्टही (वाद्याच्या पोटातली छोटी लाकडी काडी) निसटलेला असतो. तो वरच्या आणि खालच्या फळीमध्ये नुसता दाबानं उभा असतो, चिकटवलेला नसतो. म्हणून चारही तारा एकदम कधीच सैल सोडायच्या नाहीत. आणि आपला उन्हाळा! वाद्याचे जोड ज्या सरसानं धरलेले असतात तो उष्णतेनं मऊ पडतो. बंद गाडीत किंवा पत्र्याच्या खोलीत मे महिन्यात व्हायोलिन ठेवलं की फळ्या सुटतात. कोरड्या हवेत खुंट्या घसरतात, पावसाळ्यात फुगून अडकतात. वाजवून झालं की बोचे केस सैल करायचे. सर्वांत बारीक तार आधी तुटते आणि गावात तिच्या मापाची मिळेलच असं नाही, तेव्हा जास्तीच्या दोन घरात असू द्या.

ऑनलाइन क्लासबद्दल विचारणारे बरेच असतात. पहिले दोन-तीन महिने प्रत्यक्षच हवं, कारण खांदा आखडलाय का, बोट किती दाबतंय, हे हात लावूनच कळतं. पुढं एक प्रत्यक्ष, एक ऑनलाइन असं चालतं. मोबाइल समोर नको, उजव्या बाजूला थोडा तिरपा ठेवा म्हणजे बो आणि ब्रिज दोन्ही दिसतात. आवाज उशिरा पोचतो, त्यामुळं सरांबरोबर एकत्र वाजवता येत नाही. ते वाजवतील, थांबतील, मग तुम्ही.

सात-आठ वर्षांच्या लेकराला अर्धा तास पुरतो, मोठ्यांना पाऊण ते एक तास. दहा वर्षांखालच्या मुलांच्या तासाला आई-वडिलांपैकी एकानं आत बसावं. बसू देत नसतील तर तिथं घालू नका. घरचा अभ्यासही त्यांनाच करून घ्यायचा असतो. नोकरी करून शिकणाऱ्या मोठ्यांना एवढंच सांगेन की रविवारी दोन तास बसण्यापेक्षा रोज २० मिनिटं बरी. गुडघे दुखत असतील तर मांडीखाली जाड उशी घ्या, सरांना आधीच सांगा.

परीक्षेची घाई नको. प्रारंभिक, प्रवेशिका प्रथम, प्रवेशिका पूर्ण, मध्यमा, विशारद हा क्रम चांगला आहे, पण दहावीच्या वाढीव गुणांवर डोळा ठेवून सातवीत व्हायोलिन हातात दिलं की ठरावीक बंदिशी पाठ होतात आणि राग राहून जातो. पहिलं दीड वर्ष परीक्षा नको असं म्हणणारे सर भेटले तर त्यांना धरून ठेवा. फी महिन्याची की तासाची, सुट्ट्यांचे तास भरून मिळतात का, दिवाळीत आणि वार्षिक परीक्षेच्या काळात काय, हे सुरुवातीलाच बोलून घ्या.

खाली कुणी नाव सुचवत असेल तर एवढं जरूर लिहा: ते स्वतः वाजवतात का, बैठकीचं की पाश्चात्त्य, लहान लेकरं घेतात का, कोणत्या गावात. आणि नंबर त्यांना विचारूनच टाका.