माळ्यावरचं कृष्णविवर

गणपती दोन दिवसांवर आलेले आणि मी विज्ञानकथा लिहीत बसलो होतो, इथेच चुकलं. कथेत अंतराळातलं एक कृष्णविवर, म्हणजे ब्लॅक होल, त्याची हद्द ओलांडून आत गेलेलं यान परत येत नाही, आतून सिग्नल पाठवला तर तोही आतच जिरतो, असं जबरी चाललेलं. तेवढ्यात बायको म्हणाली, "अहो, माळ्यावरून चौरंग काढा."

आमचं घर कुर्ल्याला, चाळीत, तळमजल्यावर. २६ जुलै २००५ ला तिकडे सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला आणि इकडे आमच्या खोलीत पाणी शिरलं, तेव्हा आईने हाताला लागेल ते माळ्यावर फेकलं, त्यातला मिक्सर, माझं दहावीचं मार्कशीट आणि एक छत्री (त्या दिवशी छत्री वर फेकली, विचार करा) अजून खाली यायचीयेत.

स्टूल घेतलं, मोबाईलचा टॉर्च लावला आणि कमरेपर्यंत आत शिरलो. टॉर्चचा उजेड पहिल्या गोधडीपर्यंत गेला आणि संपला.

कृष्णविवराचं एक आहे, जितकं मोठं तितकं दारात सभ्य. आपल्या आकाशगंगेच्या मधोमध जे आहे ना, सूर्याच्या साधारण ४० लाख पट वस्तुमानाचं, त्याची हद्द ओलांडताना माणसाला म्हणे काही जाणवणारही नाही. वाईट ती लहान विवरं. तिथे पायाला वेगळी ओढ, डोक्याला वेगळी, हद्दीच्या बाहेरच माणसाची शेवई होते. आमचा माळा साडेतीन फुटी. डोकं पितळी पिंपात अडकलेलं आणि खाली स्टूल डुगडुगतंय म्हणून मुलगा स्टूल धरायचं सोडून माझे पाय ओढतोय.

"अहो, सापडला का?"

"थांब गं!"

लांबून बघणाऱ्याला, आत पडणारा माणूस कधी आत पडलेला दिसतच नाही, हद्दीपाशी तो हळू हळू होत जातो आणि लाल लाल होत विझतो. बायकोला तंतोतंत हेच दिसत होतं, नवरा अर्धा बाहेर, हलत नाही, आणि मी तळवे लाल होईपर्यंत स्टुलाच्या कडेवर चवड्यांवर उभा. वेळेचंही तेच. मला वाटलं दहा मिनिटं झाली, खाली म्हणे कुकर होऊन, जेवणं होऊन, आईची सिरियलसुद्धा संपली होती. मला कोणी जेवायला हाक मारली नाही, मारली असेल तर आत पोचली नाही.

शेवटी एका मोठ्या पांढऱ्या वस्तूला हात लागला. ओढली, धूळ उडाली, चार शिंका, आणि मी मखर घेऊन उतरलो! अख्खं मखर, कळसासकट, एक कोपरा पण तुटला नव्हता. जे आत गेलं ते बाहेर आलं, विज्ञानाच्या इतिहासात पहिल्यांदा.

आईने चष्मा लावून बघितलं. "अरे हे थर्माकोलचं. २०१८ लाच बंदी आली ना याला."

"मग टाकून देऊ?"

"टाकायचं कशाला, चांगलं आहे," आई म्हणाली, "ठेव वर."

चौरंग शेजारच्या काकूंकडून आणला.