भुऱ्याचा पोळा

आबांनी शेवटची बैलजोडी विकली त्याला सात वर्षं झाली. आता श्रावण अमावास्येला आम्ही ट्रॅक्टरला झेंडूची माळ घालतो, पुरणपोळीचा नैवेद्य दाखवतो. पण ट्रॅक्टर पोळी खात नाही की मान डोलवत नाही. म्हणून यंदा माझ्या आठ वर्षांच्या लेकीनं भुऱ्यालाच बैल करायचं ठरवलं.

भुऱ्या म्हणजे आमचा कुत्रा. जात : अमळनेर बसस्टँड.

आईच्या जुन्या नऊवारीची झूल झाली. पुठ्ठ्याच्या शिंगांना बेगड लावून ती हनुवटीखालून इलॅस्टिकनं बांधली. पायात बारा घुंगरं. वेसण टोचता येईना, तेव्हा तोंडाला रिबिनीची म्होरकी. अशा साजात भुऱ्या अंगणात उभा राहिला तो राहिलाच. हलेना, भुंकेना. दुधाच्या पातेल्यावर डल्ला मारणारं हे कार्टं एवढं गुणी कधी झालं, म्हणून मी कौतुकानं सहा फोटो काढले. फोटोत तो अर्धवट जांभया देत होता, ओठ चाटत होता आणि शेपूट पार पोटाखाली गेलं होतं. मला वाटलं, झोप आली असेल.

आबा ओट्यावरून ओरडले, "आरे, तो गुनी नई, भ्यायेल शे! तोंड सोड त्यानं पहिले!"

कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही, थोडा तळपायांना येतो तेवढाच. उकाड्यात अंगातली उष्णता जायची ती मुख्यतः जीभ बाहेर काढून, धापा टाकूनच. पाऊस उघडीप देतो तेव्हा खान्देशात जो दमट उकाडा होतो, त्यात मी अंगावर नऊवारी चढवली होती आणि तोंडाला रिबीन. हे मला जनावरांच्या डॉक्टरांनी फोनवर समजावलं. आबांनी आयुष्यात असला फोन कधी केला नाही.

फोन मात्र केला होता घुंगरासाठी. साज उतरवून मोजली तर अकरा भरली. कुत्र्यानं धातूचं काही गिळलं तर एक्स-रे काढावा लागतो, प्रसंगी पोट फाडावं लागतं, हे ऐकून माझे पाय लटपटले. भुऱ्या वाजतो का, हे पाहायला आम्ही आळीपाळीनं त्याच्या पोटाला कान लावला. दोन तासांनी बारावं घुंगरू मीच सोफ्यावर बसलो तेव्हा सापडलं. कसं सापडलं ते विचारू नका.

मग आबांनी सूत्रं हातात घेतली. झूल रद्द, घुंगरं रद्द. गळ्यात तेवढा सुती गोंडा. "बैल काय, कुत्रा काय, दोन बोटं जावाले पायजेत," म्हणत त्यांनी गोंड्याखाली बोटं सरकवून पाहिली. बैलांच्या गळ्यातल्या नव्या दाव्यालाही ते हेच करायचे. म्हशीच्या गळ्यातला आवळलेला दोर पाहून एकदा त्यांनी शेजाऱ्याशी वर्षभर अबोला धरला होता.

भुऱ्यानं अंग झटकलं, दोन चकरा मारल्या आणि ट्रॅक्टरच्या चाकावर पाय वर केला. म्हणजे तब्येत ठीक होती.

लेक मात्र मुसमुसत होती. मिरवणूक दारात येऊन ठेपली, डफ वाजू लागला आणि आमच्याकडे बैल नाही!

"यांना घाल गं," बायको स्वयंपाकघरातून म्हणाली. "फार काही बदल करावा लागणार नाही."

शिंगं मला चपखल बसली. निघताना आबांनी मला थांबवलं, हनुवटीखालच्या इलॅस्टिकमध्ये दोन बोटं घालून पाहिली आणि म्हणाले, "हां, आते बरोबर शे."