साहेब खुर्चीवरून उठल्यावर

रविवारी बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरहून दादाचा फोन आला. तालुक्यातल्या जमिनींच्या फायली ज्यांच्या टेबलावरून जायच्या ते आयएएस साहेब निवृत्त झाले आणि थोड्याच महिन्यांत एका खाजगी कंपनीचे सल्लागार म्हणून गावात आले. कंपनीला हव्यात त्या जमिनीच. "नियमात बसतंय म्हणे," दादा म्हणाला, "खरं कुठल्या नियमात, ते आम्हाला कोण सांगणार?"

नियम आहे. आयएएस, आयपीएस अधिकाऱ्याला निवृत्तीनंतर एक वर्षाच्या आत खाजगी नोकरी धरायची तर सरकारची आधी परवानगी लागते. पूर्वी ही मुदत दोन वर्षांची होती. परवानगीशिवाय गेला तर पेन्शन रोखता येतं. मात्र ठरलेल्या दिवसांत सरकार गप्प राहिलं, तर परवानगी मिळाली असं धरलं जातं. मला हेच कलम सगळ्यात जास्त खटकतं.

राजकारणात जायला तेवढीही अट नाही. निवडणूक आयोगाने २०१२ मध्ये ती सुचवली होती, केंद्राने मानली नाही. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हा विषय कायदेमंडळाचा म्हणून सोडून दिला. कर्नाटकातच बघा. आयपीएस अण्णामलाई आणि आयएएस शशिकांत सेंथिल या दोघांनी २०१९ मध्ये नोकरी सोडली. पुढच्याच वर्षी एक भाजपात गेले, दुसरे काँग्रेसमध्ये. दोघांनी कुठलाही नियम मोडला नाही, कारण मोडायला नियमच नव्हता.

मी राहतो त्या इंग्लंडात सगळं चोख आहे असं मी दादाला सांगितलं नाही. सरकारी खरेदीचा प्रमुख राहिलेला माणूस नोकरीत असतानाच, २०१५ मध्ये, ग्रीनसिल या वित्तकंपनीचा अर्धवेळ सल्लागार झाला होता, आणि तेही वरिष्ठांच्या संमतीने. २०२१ मध्ये कंपनी बुडाली तेव्हा ही गोष्ट बाहेर आली. अशा नेमणुकांवर सल्ला देणारी समिती इथे १९७५ पासून होती, पण तिचा सल्ला कुणी धुडकावला तर तिच्या हातात काहीच नसायचं. शेवटी ऑक्टोबर २०२५ मध्ये ती बंद करून तिचं काम दुसऱ्यांकडे दिलं.

पण ती समिती एक काम करायची. साहेब कुठल्या कंपनीत निघाले, जुन्या खात्यात त्यांचा त्या कंपनीशी काय संबंध आला होता, आणि दोन वर्षं सरकारदरबारी त्या कंपनीसाठी शब्द टाकायचा नाही ही अट, हे सगळं पत्र ती जाहीर करायची. घरबसल्या कुणीही वाचावं. मी अशी कितीतरी पत्रं वाचली आहेत, आणि दर वेळी मला आमची तहसील कचेरी आठवते.

सीमाभागात साहेब आला की आमचा पहिला प्रश्न असतो, मराठी कागद घेणार का? तो प्रश्न सोडावा असं मी मुळीच म्हणत नाही. जिथे भाषिक अल्पसंख्याक १५ टक्क्यांहून जास्त, तिथे परिपत्रकं त्यांच्या भाषेत निघावीत असं देशाने मान्य केलेलं आहे, आणि त्यासाठी आमची माणसं उन्हातान्हात मोर्चे काढतात. पण साहेब जाताना आम्ही काहीच विचारत नाही. हार घालतो, फोटो काढतो. निवृत्त माणसाच्या सहीचं वजन आम्हाला कुणी शिकवायला नको. मेहरचंद महाजन निवृत्त सरन्यायाधीशच होते, आणि बेळगाव कर्नाटकातच ठेवा म्हणणाऱ्या त्यांच्या १९६७ च्या अहवालाचं ओझं ते गाव अजून वाहतं आहे.

अधिकाऱ्याने निवृत्तीनंतर घरी बसावं असं माझं म्हणणं नाही. ज्या जिल्ह्यात त्याने जमिनीचे निकाल दिले तिथल्या जमिनीच्या व्यवहारात मात्र त्याने दोन वर्षं तरी पाऊल टाकू नये. परवानगीचं पत्र अटींसकट जिल्हाधिकारी कचेरीच्या फलकावर लागावं, कन्नडात आणि मराठीतही. आणि सरकारच्या गप्प बसण्याला परवानगी समजू नये.

दादाला म्हटलं, परवानगी दिली होती का, ते माहिती अधिकारात विचार. 'वैयक्तिक माहिती' म्हणून नाकारतील. कायद्यातल्या ताज्या दुरुस्तीने ते आणखी सोपं झालंय. तरी व्यापक जनहिताचं कलम शिल्लक आहे, त्याचा आधार घे.

"तूच लिही की, तुला कायदा कळतो," तो म्हणाला.

मला लिहिता येत नाही. हा अधिकार फक्त भारतीय नागरिकाला आहे, आणि मी सहा वर्षांपूर्वी इथलं नागरिकत्व घेतलं. अर्ज इंग्रजी, हिंदी किंवा त्या भागाच्या राजभाषेतच चालतो. खानापुरात ती भाषा कन्नड. दादा मराठी शाळेत शिकला. काल रात्री त्याची मुलगी त्याच्या शेजारी बसून अर्ज कन्नडात उतरवत होती, आणि तो फोनवरून मला एकेक ओळ मराठीत सांगत होता.