घरचेच आहात तुम्ही, मामा

शनिवारी रात्री साडेनऊ वाजता माझ्याच टीव्हीने मला कळवलं, की हा टीव्ही तुमच्या कुटुंबाचा भाग नाही.

मांडीवर ताट, ताटात पिठलं-भात, बाजूला बुक्कीने फोडलेला कांदा आणि समोर ही नोटीस. खाली दोन बटणं. एक, 'मी प्रवासात आहे'. दुसरं, 'स्वतःचं खातं उघडा'. मुलुंडच्या घरात बनियन-बर्म्युडावर बसलेला माणूस कुठल्या प्रवासात असणार? तरी मी पहिलं बटण दाबलं. मुंबईतला माणूस जन्मभर प्रवासातच असतो, एवढ्या आधारावर. त्यावर टीव्ही म्हणाला, आधी घरच्या टीव्हीवरून परवानगी घ्या.

घरचा टीव्ही! मग हा काय मंगल कार्यालयातला आहे? या सिनेमांच्या अ‍ॅपचे वर्षाचे पैसे मी आगाऊ भरलेत. माझ्या कार्डावरून. पावती आहे.

"तू कुणाला कोड दिलास का?" बायकोने स्वयंपाकघरातून विचारलं. बायकोचे प्रश्न कंपनीच्या मदतकेंद्रापेक्षा नेमके असतात.

दिला होता. गुरुवारी सकाळी, लोकलमध्ये, घाटकोपर आणि विद्याविहारच्या मध्ये. एक हात वरच्या कडीला, दुसऱ्या हातात फोन, पाठीवर कुणाच्या तरी डब्याचा कोपरा. दहिसरहून ताईचा फोन. "तुझ्याकडे चार आकडे आलेत बघ, पटकन सांग, पंधरा मिनिटांत मरतात ते." मी खणखणीत आवाजात आकडे वाचले. शेजारचा गृहस्थ म्हणाला, "अहो, ओटीपी असा सांगायचा नसतो." मी म्हटलं, बहिणीला सांगतोय. "सगळे बहिणीलाच सांगतात," तो म्हणाला आणि तोंड फिरवून उभा राहिला. त्या गर्दीत तोंड फिरवायला जागा त्याला कुठून मिळाली कोण जाणे.

तर त्या चार आकड्यांनी आमचं 'घर' मुलुंडहून दहिसरला हललं. टेम्पो नाही, हमाल नाही, दूध उतू घालणं नाही. कंपनीच्या लेखी कुटुंब म्हणजे एका वायफायवर चालणारी उपकरणं. ज्या वायफायवर मुख्य टीव्ही, ते घर. बाकीचे पाहुणे.

ही व्याख्या ज्याने केली त्याने मुंबईत जागा बघितलेली नसावी. गिरगावच्या चाळीत दोन खोल्यांत आम्ही नऊ माणसं होतो, तेव्हा आमचं कुटुंब एका छपराखाली होतं, कारण दुसरं छप्पर परवडत नव्हतं. मग मी मुलुंडला आलो, ताई दहिसरला, धाकटा भाऊ बदलापूरला. भांडून नाही गेलो. ज्याचं कर्ज जिथपर्यंत पोचलं तिथे तो उतरला.

आणि वाटून बघण्याचं म्हणाल तर ते आम्हाला कुणी नव्याने शिकवायला नको. मुंबई दूरदर्शन 1972 साली सुरू झालं. आमच्या मजल्यावर टीव्ही आला तो त्यानंतर कैक वर्षांनी आणि तोही एकच. त्याला सरकतं लाकडी शटर आणि शटरला कुलूप. रविवारी संध्याकाळी कुलूप उघडलं की आत पंधरा मुलं, दारात सात आणि खिडकीच्या गजांवर चार. पुढे केबल आली. जोडणी एका घरी, आणि काळी वायर गॅलरीतून तीन घरांत. केबलवाल्याला सगळं ठाऊक होतं. पैसे घ्यायला आला की पहिल्या घरात विचारायचा, "बाकी दोघांकडे चित्र नीट येतं ना?" 31 ऑक्टोबर 2012 च्या मध्यरात्री मुंबईत जुनी केबल बंद झाली, टीव्हीमागे एक डबा आला आणि ती काळी वायर कुणीतरी कपडे वाळत घालायला घेतली.

असो. पिठलं निवत होतं. मी ताईला फोन लावला.

"मामा का? बोला. जेवलात?"

फोन माईंनी उचलला. माई म्हणजे ताईच्या सासूबाई. वय 81, दोन्ही गुडघे बदललेले, आणि कान असे, की टीव्हीचा आवाज 40 च्या खाली आला तर माईंना काही झालं की काय म्हणून शेजारी बघायला येतात. नातवंडांचा मामा म्हणून गेली तीस वर्षं मी त्यांचाही मामा. माझं खरं नाव त्यांना आठवत असेल असं वाटत नाही. त्यांच्या पाठीमागे एक बाई कोरियन भाषेत हुंदके देत होती.

"माई, ताई आहे का?"

"समोर सत्यनारायण आहे, प्रसादाला गेलीय. थांबा, हिला जरा गप्प करते." ही म्हणजे कोरियन बाई. ती गप्प झाली नाही, उलट दुप्पट जोरात रडू लागली. मग काहीतरी खाली पडलं. मग ती गप्प झाली.

"हं. अकरावा भाग चाललाय. नवऱ्याला विस्मरण झालंय हो तिच्या. ओळखतच नाही तिला. स्वतःच्या घराच्या दारात उभी आहे बिचारी आणि आत घेत नाहीत."

"माई, माझंही अगदी तसंच..."

"पण माणसं काय आहेत! थोरामोठ्यांना काही द्यायचं तर दोन्ही हातांनी देतात, कमरेत वाकून. आमच्याकडे रिमोट मागितला तर सोफ्याच्या त्या टोकावरून भिरकावतात. परवा चष्म्यावर बसला."

मी हळहळलो. मग म्हटलं, "माई, तेच सांगत होतो. आमच्याकडे आज ते लागत नाहीये."

पलीकडे शांतता. 'अजून तुमच्याकडे गॅस नाही?' असं विचारण्याआधी पूर्वी बायका जेवढं थांबत, तेवढी.

"तुमच्याकडे नाहीच का ते?"

"नाही, म्हणजे आहे, पण..."

"मग आमचं वापरा की! बाळ भरतो ना पैसे." बाळ म्हणजे भाऊजी. बँकेतून गेल्या वर्षी निवृत्त झाले. "संकोच कसला त्यात? घरचेच आहात तुम्ही, मामा. बाळाला सांगते, तो देईल तुम्हाला पासवर्ड."

इथे मी बोलायला हवं होतं. 'माई, ते माझं आहे', चार शब्दांचं काम. पण ताईने घरात काय सांगितलंय देव जाणे, आणि दहिसरच्या घरात माझ्या एका वाक्याने महिनाभर टोमणे चालले असते. शिवाय ताईच्या लग्नात कानपिळीला मी भाऊजींचा कान जरा जास्तच पिळला होता. तीस वर्षांनी त्याची वसुली चालू असेल तर तक्रार कोणत्या तोंडाने करणार? मी म्हटलं, "बरं."

"आणि एक सांगते. जाहिराती बंद करायचे जास्तीचे पैसे अजिबात भरू नका. सून म्हणत होती भरूया. मी म्हटलं, मग माणसाने बाथरूमला जायचं कधी?"

"पॉज करता येतं, माई."

"पॉज केलं की ती माणसं तोंड उघडं ठेवून तशीच थांबतात. बरं दिसतं का ते? जाहिरात असली की कसं रीतसर होतं. पहिल्या जाहिरातीत मी सोफ्यावरून उठते. दुसरीत पॅसेज. ते म्युच्युअल फंडवाले शेवटी भराभरा काय म्हणतात ना, ते ऐकू आलं की समजायचं, आता आवरा."

जाहिरातींचं एवढं शिस्तशीर समर्थन खुद्द जाहिरातवाल्यांनीही केलं नसेल. मला मात्र त्या जाहिरातींनी उबग आणलाय. टीव्हीवर तासाला 12 मिनिटांच्या वर जाहिराती दाखवू नयेत असा नियम आहे. तो किती पाळला जातो हे सोडा, पण तिथे निदान चॅनेल बदलून सूड उगवता यायचा. इथे तोंडातला घास तोंडात ठेवून विम्याची तीच जाहिरात एका सिनेमात सहा वेळा बघायची. त्यातला बाप सहाही वेळा मुलीला सायकल शिकवतो आणि सहाही वेळा त्याच्या डोळ्यांत पाणी येतं. पाचव्या वेळेला मला वाटायला लागतं, याला काहीतरी व्हावं आणि विमा एकदाचा मिळून जावा.

ज्या कंपनीने मला घराबाहेर काढलं तिचं नाव घेत नाही. बड्यांचं बघून शिकलेली आहे ती. पासवर्ड वाटून घेणं म्हणजेच प्रेम, असं नेटफ्लिक्सने मार्च 2017 मध्ये जगाला ट्विट करून सांगितलं होतं. 20 जुलै 2023 ला तेच प्रेम भारतात आटोपलं आणि एक खातं, एक घर असं ठरलं. अ‍ॅमेझॉन प्राइमने 17 जून 2025 पासून भारतात सिनेमांच्या मध्ये जाहिराती घातल्या. नको असतील तर महिन्याला 129 किंवा वर्षाला 699 रुपये वेगळे. म्हणजे आधी बघायचे पैसे आणि मग न बघायचे पैसे. आमच्या चाळीखालच्या इराण्याने चहात माशी घालून ती काढायचे चार आणे मागितले असते, तर त्याचं दुकान दुसऱ्या दिवशी उघडलं नसतं.

यावर कुणी ना कुणी म्हणतंच, की अहो, दोन वडापावांचे तर पैसे! सिनेमांचं अ‍ॅप पाच वडापाव, क्रिकेटचं चार, गाण्यांचं तीन, फोटो साठवायचे दोन. परवा कार्डाचं बिल घेऊन मी बेरीज मांडली. आठवड्यातून एकदा दादरला उतरून दोन-दोन वडापाव खाल्ले असते तरी पैसे उरले असते, आणि वडापाव मला कधी 'तुम्ही या गाडीचे गिऱ्हाईक नाही' असं म्हणाला नसता.

बायको म्हणाली, आपल्या टीव्हीवर कोड मागव, आपलं घर परत आपल्याकडे. दाबलं बटण की दहिसर बाद. मी रिमोट हातात घेतला. मग ती कोरियन बाई डोळ्यांपुढे आली. दारात उभी, आणि अकरावा भाग अर्धा राहिलेला. आणि माईंच्या समोर उद्या हीच नोटीस येणार, हा टीव्ही तुमच्या कुटुंबाचा भाग नाही. माई ती नोटीस ताईच्या तोंडची समजणार. मी रिमोट ठेवला आणि पिठलं गरम करायला उठलो.

साडेअकराला भाऊजींचा मेसेज आला. "माई म्हणाली तुला पासवर्ड हवाय. अरे मग आधी सांगायचं ना! पाठवतोय. फक्त पुढे कुणाला देऊ नकोस, नाहीतर आपल्यालाच लागत नाही मग."

खाली पासवर्ड होता. माझ्या पहिल्या स्कूटरचा नंबर.

मी 'थँक यू भाऊजी' लिहिलं, आणि शेजारी हात जोडलेले टाकले. दोन्ही.