गोल दिवा लावलेली ड्यूक? स्पीड ४०० बद्दलच्या एका फॉरवर्डचा प्रतिवाद

२०२३ च्या जुलैत ट्रायम्फ स्पीड ४०० भारतात आली आणि सप्टेंबरात केटीएमची नवी ३९० ड्यूक. तेव्हापासून बाइकवाल्यांच्या ग्रुपांवर एक मजकूर फिरतोय. शब्द इकडचे तिकडे होतात, पण गाभा असा: "स्पीड ४०० म्हणजे गोल दिवा लावलेली ३९० ड्यूक. दोन्ही चाकणला बनतात, बोअर-स्ट्रोक तेच, म्हणजे इंजिन तेच. फक्त सहा घोडे दाबून ठेवलेत. स्पीड घ्या, रीमॅप मारा, क्विकशिफ्टर बसवा, पाऊण लाख वाचवा. पार्ट तर एकमेकांचे बसतातच. चालवायला काही फरक नाही."

पाऊण लाखाचा हिशेब तेवढा खरा होता. बाजारात आल्या तेव्हा स्पीड २ लाख ३३ हजारांना होती आणि ड्यूक ३ लाख ११ हजारांच्या आसपास, दोन्ही एक्स-शोरूम. बाकीचं एकेक वाक्य घेऊ.

"दोन्ही चाकणला बनतात"

बनतात. बजाजने २००७ मध्ये केटीएममध्ये हिस्सा घेतला आणि छोट्या ड्यूक चाकणलाच तयार होतात. ट्रायम्फशी बजाजचा करार २०२० च्या जानेवारीत पुण्यात झाला आणि त्यातून स्पीड ४०० आणि स्क्रॅम्बलर ४०० एक्स ही जोडी आली. पण चाकणच्या गेटातून पल्सरही बाहेर पडते. म्हणून पल्सरला कोणी ड्यूक म्हणत नाही.

बजाज खरोखर इंजिन वाटून घेते तेव्हा ते कसं दिसतं, तेही समोरच आहे. हस्कवर्नाची स्वार्टपिलन ४०१ उघडून बघा: इंजिन ड्यूकचंच, ताकद तीच ४६ पीएस (म्हणजे घोडे), टॉर्क म्हणजे फिरवण्याचा जोर तोच ३९ एनएम (न्यूटन-मीटर). डॉमिनार ४०० आणि पल्सर एनएस४००झेड या दोघींमध्ये जुन्या ३९० चं ३७३ सीसीचं इंजिन वेगळ्या ट्यूनिंगवर बसवलंय. यातली कुठलीही गोष्ट लपवलेली नाही, कंपन्या उघडपणे सांगतात. स्पीडचं इंजिन या यादीत नाही. ते ट्रायम्फने इंग्लंडमध्ये हिंकलीला डिझाइन केलंय आणि बजाज ते बनवते.

"बोअर-स्ट्रोक तेच, म्हणजे इंजिन तेच"

या वाक्याचा पहिला अर्धा भाग बरोबर आहे, आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो. दोन्हीकडे बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, ८९ मिलिमीटर; स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वर-खाली धाव, ६४ मिलिमीटर. दोन्ही लिक्विड-कूल्ड, एक सिलिंडर, चार व्हॉल्व्ह, डबल ओव्हरहेड कॅम. दोन्हीकडे व्हॉल्व्ह ढकलायला फिंगर फॉलोअर. हा सगळा निव्वळ योगायोग आहे असं मानणं भाबडेपणाचं होईल. एकाच बनवणाऱ्याकडे ८९ च्या बोअरचा अनुभव आधीपासून होता, तो कामी आला असणार.

पण बोअर आणि स्ट्रोक फक्त घनफळ सांगतात. इंजिन कसं चालेल ते पोर्टचा आकार, कॅमचा टायमिंग, क्रँकचं वजन, एअरबॉक्स आणि एक्झॉस्टची लांबी यांवर ठरतं. त्यातलं बरंच हेड न खोलताही पकडता येतं, कंपनीने छापलेल्या चार आकड्यांवरून. सूत्र साधं आहे: पीएस गुणिले ७०२४, भागिले आरपीएम (इंजिनाचे मिनिटाला फेरे), म्हणजे त्या आरपीएमवरचा टॉर्क एनएममध्ये.

ड्यूक: ४६ पीएस ८५०० वर. म्हणजे ८५०० आरपीएमला टॉर्क ३८ एनएम. तिचा कमाल टॉर्क ३९ एनएम, ६५०० वर. दोन हजार आरपीएम चढूनही टॉर्क एकाच एनएमने उतरला.

स्पीड: ४० पीएस ८००० वर. म्हणजे ८००० ला टॉर्क ३५.१ एनएम. कमाल टॉर्क ३७.५, तोही ६५०० वरच. इथे दीड हजार आरपीएममध्ये जवळपास अडीच एनएम गेले.

म्हणजे ६५०० ला दोघी दीड एनएमच्या फरकाने शेजारी-शेजारी आहेत. खरी फारकत त्याच्या वर होते. ड्यूकचं इंजिन तिथेही छाती भरून श्वास घेतं, स्पीडचं दमायला लागतं. नव्या ड्यूकचा मागचा शॉक मध्यावरून बाजूला सरकवलाय तो याच्याशी जोडून बघा. तिथे मोकळ्या झालेल्या जागेत मोठा एअरबॉक्स बसला, आणि सीटही खाली आली. स्पीडला वरच्या आरपीएमची हौसच नाही. तिला चौथ्या गिअरमध्ये पन्नासला सोडून दिलं तरी ती कुरकुर न करता ओढते, आणि ती त्यासाठीच बांधलीय.

"सहा घोडे दाबून ठेवलेत, रीमॅप मारा"

रीमॅप म्हणजे इंजिनाचं सॉफ्टवेअर बदलणं. फॉरवर्डमधलं सगळ्यात महागात पडणारं वाक्य हे. आधी गणित. स्पीडला ८००० वर ४६ पीएस हवे असतील तर तिथे ४०.४ एनएम टॉर्क लागेल. तिचा स्वतःचा कमाल टॉर्क ३७.५ आहे आणि ड्यूकचासुद्धा ३९. म्हणजे ड्यूकला जे जमत नाही ते नुसत्या सॉफ्टवेअरने स्पीडकडून काढायचं, असा हा बेत.

"मग लिमिटर वर घ्या," असं कोणीतरी म्हणतंच. लिमिटर म्हणजे आरपीएमची वरची मर्यादा. त्यानेही काही हाती लागत नाही. ८००० वर कमाल ताकद आहे याचा अर्थच असा की त्यापुढे टॉर्क आरपीएमच्या वाढीपेक्षा वेगाने पडतोय आणि ताकद उतरतेय. टॉर्क ८५०० पर्यंत जागचा हललाच नाही असं धरलं, जे होत नाही, तरी ४२.५ पीएसच्या वर जाता येत नाही.

रीमॅपमध्ये बदलतं काय? इंधनाचं प्रमाण, इग्निशनची वेळ, ॲक्सिलरेटरला थ्रॉटल प्लेट किती उघडायची, आणि लिमिटर. कॅम बदलत नाही, पोर्ट बदलत नाही. म्हणून रीमॅपनंतर "गाडी उडते" असं वाटतं ते बहुतेक वेळा तिसऱ्या गोष्टीमुळे: मूठ पाव पिळली की प्लेट अर्धी उघडते. पिक-अप आल्यासारखा वाटतो, कमाल ताकद जिथल्या तिथे.

काय बिघडू शकतं: स्पीडचं कॉम्प्रेशन १२ ला १ आहे. त्यावर इग्निशन आणखी पुढे ओढलं की वरच्या गिअरमध्ये, कमी आरपीएमवर मूठ उघडली असता इंजिनातून कोरडी टकटक येते. हे नॉकिंग. उन्हाळ्यात घाट चढताना, मागे माणूस आणि बॅग असताना आधी ऐकू येतं. दुर्लक्ष केलं तर पिस्टनच्या माथ्यावर खड्डे पडतात. शिवाय एप्रिल २०२३ पासूनच्या नियमांमुळे गाडी स्वतःच्या उत्सर्जनावर सतत नजर ठेवते. एक्झॉस्टमधला ऑक्सिजन मोजणाऱ्या लॅम्डा सेन्सरला फसवणारा प्लग लावला की एकतर चेक-इंजिनचा दिवा लागतो, नाहीतर मिश्रण भलतंच होतं. वॉरंटी जाते, आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चा (गाडीत बदल करण्याबद्दलच्या) प्रश्न उभा राहतो तो वेगळाच.

डायनोच्या चिठ्ठ्या दाखवणाऱ्यांसाठी एवढंच: डायनो, म्हणजे ताकद मोजणारं यंत्र, मागच्या चाकावर मोजतो, कंपनी क्रँकवरचा आकडा छापते. दोन्हींत दहा-पंधरा टक्क्यांचा फरक नेहमीचाच. तुलना करायची तर त्याच डायनोवर, त्याच दिवशी, त्याच करेक्शनवर, आधीची आणि नंतरची. नुसती "नंतरची" चिठ्ठी रद्दीत टाकायची.

"क्विकशिफ्टर बसवा"

क्विकशिफ्टर म्हणजे क्लच न दाबता गिअर बदलू देणारी सोय. वरचे गिअर टाकण्यापुरता बाहेरचा क्विकशिफ्टर बसू शकतो. गिअरच्या दांडीवर सेन्सर आणि काही मिलिसेकंदांसाठी इग्निशन किंवा इंजेक्टर तोडणारं मॉड्यूल, एवढंच ते असतं. हा अवधी साधारण ६० ते ८० मिलिसेकंद लागतो. घाईसाठी तो कमी ठेवला तर भार सुटायच्या आत गिअर सरकतो, डॉगचे, म्हणजे गिअर एकमेकांत अडकवणाऱ्या दातांचे, कोपरे गोल होतात आणि सहा महिन्यांनी दुसरा गिअर आपोआप न्यूट्रलला उडायला लागतो. खालचे गिअर क्लचविना टाकायचे तर ईसीयूने (इंजिनाच्या कॉम्प्युटरने) स्वतः थ्रॉटल क्षणभर उघडून आरपीएम जुळवावे लागतात. ड्यूकमध्ये ते कंपनीकडूनच येतं. स्पीडला थ्रॉटल इलेक्ट्रॉनिक आहे, पण तिच्या ईसीयूला ही शिकवण दिलेली नाही.

वळणात झुकलेली असताना काम करणारं एबीएस हाही असाच मामला. त्याला झुकाव मोजणारा सेन्सर लागतो. स्पीडवर तो नाही आणि नंतर बसवताही येत नाही. पावसाळ्यात घाटातून रोज जाणाऱ्याला पाऊण लाखाच्या हिशेबात हे जरूर धरावं लागेल.

"पार्ट एकमेकांचे बसतात"

२०२३ च्या गाड्यांचे टायर बसतात: पुढे ११०/७०, मागे १५०/६०, दोन्ही सतरा इंची. पुढचा ब्रेकही वरवर सारखा दिसतो, कारण कॅलिपर दोन्हीकडे ब्रेंबोच्या बायब्रे या भारतीय ब्रँडचे, चार पिस्टनचे, रेडियल. पण ड्यूकची पुढची डिस्क ३२० मिलिमीटरची आहे, स्पीडची ३००. त्रिज्येत दहा मिलिमीटरचा फरक. मोठी डिस्क स्पीडवर चढवायची म्हटलं तर कॅलिपर तेवढाच बाहेर सरकवावा लागतो. बाजारू स्पेसर आणि लांब बोल्ट लावून हे केलेल्या गाड्या दिसतात. पुढच्या ब्रेकचा सगळा भार त्या दोन बोल्टांवर येतो, हे ध्यानात घ्या आणि लांबून नमस्कार करा. मागच्या डिस्कचंही तसंच, २४० आणि २३०.

फोर्क, म्हणजे पुढच्या चाकाचं सस्पेन्शन, दोन्हीकडे ४३ मिलिमीटरचे, उलटे. इथेही नावापुरतं साम्य. ड्यूकचे डब्ल्यूपी कंपनीचे आहेत, हालचाल १५० मिलिमीटर. स्पीडचे १४०. इंजिनातले भाग, कव्हर, गॅस्केट यांत तर "बसेल बहुधा" म्हणणाऱ्या दुकानदाराला पार्ट नंबर विचारायचा. नंबर जुळला तर पार्ट तोच. नाही जुळला तर चर्चा संपली.

"चालवायला काही फरक नाही"

कागदावर फरक लहान दिसतो. ड्यूकचा व्हीलबेस (दोन चाकांमधलं अंतर) १३५७, स्पीडचा १३७७ मिलिमीटर. स्टिअरिंगचा कोन २४ आणि २४.६ अंश. वजन जाहीर झालं तेव्हा १६८ आणि १७० किलो. पण वीस मिलिमीटर आणि अर्धा अंश मिळून ड्यूक हँडलला नुसता इशारा केला की वळते, स्पीड जरा विचार करून वळते आणि मग रेषेवर शांत राहते. हायवेच्या काँक्रीट जोडांवर ती शांतता बरी वाटते.

खरा फरक सस्पेन्शन जुळवण्यात आहे. ड्यूकच्या फोर्कवर एका पायाला कम्प्रेशनचा (दबण्याचा वेग), दुसऱ्याला रिबाउंडचा (परत उघडण्याचा वेग) स्क्रू, पाच-पाच क्लिकचे. मागे प्रीलोड (स्प्रिंग आधीच किती दाबलेली) आणि रिबाउंड. स्पीडला पुढे काही नाही, मागे फक्त प्रीलोड. तेवढं तरी नीट लावा: मागचं चाक अधांतरी करून ॲक्सलपासून सीटखालच्या एका खुणेपर्यंत अंतर मोजा. मग हेल्मेट-जॅकेटसकट रायडिंगचा सगळा पोशाख घालून बसा आणि दुसऱ्याकडून तेच अंतर मोजून घ्या. दोन्हींतला फरक चाकाच्या एकूण हालचालीच्या २५ ते ३० टक्के हवा. स्पीडची मागची हालचाल १३० मिलिमीटर, म्हणजे ३३ ते ३९. ड्यूकची १५०, म्हणजे ३८ ते ४५. फरक जास्त आला तर सी-स्पॅनरने प्रीलोड वाढवा, एका वेळी एकच खाच. ड्यूकवर क्लिक बदलण्याआधी स्क्रू हलकेच पूर्ण आत फिरवून कंपनीने किती क्लिकवर ठेवला होता ते लिहून घ्या. त्यानंतर एकदा एकच क्लिक, आणि चाचणी दरवेळी त्याच रस्त्यावर.

टाकी ड्यूकची १५ लिटर, स्पीडची १३. सर्व्हिस स्पीडची पहिली १००० किलोमीटरला, पुढच्या १६,००० किलोमीटर किंवा वर्षाला. ड्यूकचे टप्पे त्याहून लहान. वर्षाला आठ-नऊ हजार चालवणाऱ्या स्पीडवाल्याचं मात्र किलोमीटरच्या आधी वर्ष भरतं.

मग घ्यायची कोणती? सात हजार आरपीएमच्या वर वारंवार जाणार असाल, सस्पेन्शनला हात लावण्याची आवड असेल, घाट हाच रविवार असेल, तर ड्यूक. त्या गोष्टींसाठी स्पीड घेऊन नंतर तिची ड्यूक करू पाहणं म्हणजे वाचवलेला पाऊण लाख हप्त्याहप्त्याने गॅरेजला देणं. शहर, हायवे आणि मागे बसणारं माणूस हा रोजचा संसार असेल, तर स्पीडला ड्यूकचे सहा घोडे उसने आणायची गरज नाही.

या फॉरवर्डमुळे सेकंडहँड बाजारात मात्र एक काळजी वाढलीय. जुनी स्पीड बघायला जाल तेव्हा चावी फिरवा, इंजिन सुरू करू नका. चेक-इंजिनचा दिवा लागला पाहिजे, आणि इंजिन सुरू झाल्यावर विझला पाहिजे. चावी फिरवूनही दिवा लागतच नसेल तर कोणीतरी तो मारून ठेवलाय. मग सीट काढून ईसीयूचा प्लग बघा: कंपनीची वायर सलग असते, मध्ये काळी टेप गुंडाळलेला जोड किंवा छोटा डबा दिसला तर मालकाला विचारा. एक्झॉस्टच्या पाइपावर लॅम्डा सेन्सर जागेवर आहे का आणि त्याची वायर शेवटपर्यंत जाते का, तेही हाताने चाचपून बघा. मूळ सायलेन्सर सोबत देत नसेल तर किंमत पाडा.