माणसं तेवढीच, जमीन किती?

शनिवारी कट्ट्यावर वाद पेटला तो बंड्यामुळे. कोथरूडहून यायला त्याला पाऊण तास लागला होता. बसायच्या आधीच म्हणाला, "पुण्याची पार मुंबई झाली. माणसं तेवढीच, गर्दीही तेवढीच."

मंद्या बोरिवलीत वाढलेला. तो उसळला. "तेवढीच? सकाळी नऊला अंधेरीच्या जिन्यावर उभा राहून बोल."

शिरीषने मोबाईलवर २०११ च्या जनगणनेचे आकडे काढले. पुणे जिल्हा ९४ लाख २९ हजार, मुंबई उपनगर जिल्हा ९३ लाख ५७ हजार. बंड्याने मांडीवर थाप मारली. "बघा, आम्ही काकणभर सरसच!"

"क्षेत्रफळ वाच," मंद्या म्हणाला.

पुणे जिल्हा १५,६४३ चौरस किलोमीटर, उपनगर ४४६. म्हणजे पुण्यात एका चौरस किलोमीटरमागे ६०३ माणसं, तिकडे जवळपास २१ हजार. लोकसंख्या जवळजवळ सारखी आणि घनता पस्तीसपट.

बंड्या सहज सोडणारा नाही. "त्यात वेल्हे, भोर, मुळशीचे डोंगर आले, धरणांचं पाणी आलं. मी राहतो तिथे ६०३ माणसं तर दोन सोसायट्यांतच निघतील."

त्याचा मुद्दा खरा आहे. जिल्ह्याची घनता काढताना पेठा आणि सह्याद्रीचे कडे एकाच भागाकारात जातात. उपनगराच्या ४४६ मध्येही बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाचा मोठा तुकडा आहे. तो वगळला तर मंद्याच्या लोकांच्या वाट्याला याहूनही कमी जागा येते.

देवा तोवर गप्प होता. तो गडचिरोलीचा. "तुम्ही नुसतं गर्दीचंच बोलून राहिले," तो म्हणाला. "आमच्या जिल्ह्यात एका चौरस किलोमीटरमागे ७४ माणसं. ऐकाले मोकळं वाटते न?"

मग त्याने सांगितलं. प्राथमिक आरोग्य केंद्राचा निकष सपाट भागात ३० हजार लोकांमागे एक, आदिवासी आणि डोंगराळ भागात २० हजारांमागे एक. "आमच्यासाठी आकडा कमी केला, चांगलंच केलं. पण ७४ च्या हिशेबानं २० हजार माणसं भराले जमीन किती लागते, ते काढ."

शिरीषने भागाकार केला. २७० चौरस किलोमीटर. राज्याची सरासरी घनता ३६५. त्या हिशेबाने ३० हजार लोक ८२ चौरस किलोमीटरांत मावतात.

मी तो आकडा दोनदा तपासला. कागदावर देवाच्या लोकांना सवलत आहे आणि प्रत्यक्षात त्यांच्या एका केंद्राच्या अंगावर तिपटीहून जास्त मुलूख. किती गोळ्या आणि किती खाटा लागतील ते लोकसंख्येवरून कळतं, पण रुग्णाला किती लांबून यावं लागेल ते घनता पाहिल्याशिवाय कळत नाही. रस्ता, विजेची तार, नळ, शाळा, सगळ्यांचं तेच आहे. म्हणून नुसत्या डोक्यांवर निधी वाटणं मला अन्यायाचं वाटतं.

"आमच्याकडे दवाखाना जवळ असतो, पण नंबर लागेपर्यंत दुपार होते," मंद्या म्हणाला. त्याचा आवाज आता खाली आला होता.

"होते न. दोन्ही त्रासच आहेत, बापा," देवा म्हणाला. "पण पावसाळ्यात पर्लकोटेले पूर आला का भामरागडचा रस्ता तुटते. माझ्या बहिणीले बाळंतपणाच्या पंधरा दिवस आधीच दवाखान्याजवळ नेऊन ठेवलं होतं."

"किती लांब होतं?" बंड्याने विचारलं.

"बावीस किलोमीटर. अन् मधात दोन नाले."